टी बॅगचा डबा उलटा करून वाचा

संपादक महोदय,

ऐरोली-महाप्याची कार्यालये असोत की घोडबंदर रोडवर एकट्या-दुकट्याने राहणारी नोकरदार मंडळी, टी बॅगशिवाय त्यांचे चालत नाही. सुपरमार्केटच्या फळीवर मात्र निवड असते चार-पाच डब्यांचीच. ताजमहाल, टेटली, लिप्टन, वाघ बकरी, सोसायटी, कधी गिरनार आणि वर कुठेतरी ट्विनिंग्ज. 'यातला चांगला कुठला?' असे गिऱ्हाईक विचारते, पण एक नाव सांगून मोकळे होण्यासारखा हा प्रश्न नाही. चहा दुधाचा पिणार की कोरा, कप केवढा, पाणी कुठले आणि किती कढत, एवढे ठरले की डबा बराचसा ठरतो. त्यासाठी पुढचे चित्र सोडावे आणि डब्याची मागची बाजू वाचावी.

आधी वजन बघावे. साध्या काळ्या चहाच्या बॅगेत साधारण 2 ग्रॅम चहा असतो, म्हणजे 100 बॅगांच्या डब्यावर 200 ग्रॅम दिसायला हवेत. 190 असेल तर बॅग 1.9 ग्रॅमची झाली. ग्रीन टीची बॅग बहुधा 1.3 ते 1.5 ग्रॅमची असते. दशांश ग्रॅमने चव बदलत नाही, पण बॅगांचे नग मोजून भाव काढला की हिशेब चुकतो. एक किलोच्या आतल्या पाकिटावर दर ग्रॅमची किंमत छापणे आता वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरांत ती सापडते. फक्त ती एमआरपीवरून काढलेली असते, दुकानाच्या सवलतीच्या भावावरून नव्हे. तेव्हा प्रत्यक्ष द्यायच्या पैशांना ग्रॅमने भागावे. 200 रुपयांना 190 ग्रॅम म्हणजे ग्रॅमला 1 रुपया 5 पैसे, 75 रुपयांना 50 ग्रॅम म्हणजे दीड रुपया. लहान डबा स्वस्त वाटतो तो इथे उघडा पडतो. एकट्या माणसाने तरीही लहानच घ्यावा. कारण खाली येईलच.

आता आतला माल. 'टी बॅगेत झाडून काढलेला भुगा भरतात' हे अनेकदा ऐकू येते आणि ते अर्धवट खरे आहे. आपण रोज उकळतो तो दाणेदार चहा सीटीसी पद्धतीचा. दातेरी रुळांतून पाला चिरडून, फाडून, वळवून त्याचा दाणा करायची ही पद्धत 1930 च्या दशकात आसामात सुरू झाली. पुढे चाळण्यांवर प्रतवारी होते. मोठा दाणा वेगळा, त्याखाली फॅनिंग्ज, त्याखाली डस्ट. बाजारात ज्याला ममरी म्हणतात तो जाड दाणा सुटा विकला जातो, बॅगेत फॅनिंग्ज किंवा डस्ट जाते, कारण बारीक दाणा दोन-तीन मिनिटांत रंग आणि कडकपणा सोडतो. जाड दाण्याला उकळी लागते, ती कपात मिळत नाही. ही प्रत आकाराची आहे, दर्जाची नव्हे. चांगल्या बागेची डस्ट वाईट बागेच्या ममरीपेक्षा कितीतरी सरस.

दर्जा बघायचा तर नव्या डब्यातली एक बॅग कात्रीने कापून पांढऱ्या बशीत ओतावी. दाणे एकसारखे, काळपट तपकिरी आणि किंचित चकाकणारे असावेत. तांबूस रेशे, काड्यांचे तुकडे जास्त दिसले तर देठांचा माल. राखाडी, मेलेला रंग म्हणजे जुना किंवा घासून झिजलेला चहा. बशी हलवल्यावर पिठासारखी पूड खाली राहिली तर ती कागदातून झिरपून कपाच्या तळाशी गाळ होणार. मग दाणे तळहातावर चोळून वास घ्यावा. ओलसर पोत्याचा वास आला तर डबा दमट जागी राहिलेला आहे. गार पाण्यात बॅग टाकून 'रंग सुटला, म्हणजे भेसळ' असा निष्कर्ष काढणारे व्हिडिओ फिरत असतात, त्यावर जाऊ नये. इतका बारीक दाणा गार पाण्यातही काही मिनिटांत रंग देतोच.

दुधाचा चहा पिणाऱ्याने आसाम किंवा 'कडक' लिहिलेला साधा काळा चहा घ्यावा. दुधातले केसिन हे प्रथिन चहाचा तुरटपणा बांधून टाकते, म्हणून मुळात जोर नसलेला चहा दुधात विरून जातो. दार्जिलिंगला दूध घालणे म्हणजे पैसे पाण्यात. तो कोराच प्यायचा, आणि घेताना टी बोर्डाचे दार्जिलिंगचे बोधचिन्ह, म्हणजे हातात पाने धरलेली स्त्री, डब्यावर आहे का बघावे. मसाला किंवा वेलची चहाच्या डब्यावर घटकांची यादी वाचावी. सुंठ, वेलची टक्क्यांसह लिहिलेली असेल तर ठीक, नुसताच 'फ्लेवर' असेल तर साधा डबा घेऊन घरची वेलची ठेचणे स्वस्त आणि चवदार.

बहुतेक टी बॅगा बिघडतात त्या मात्र कपात. दूध-पाणी एकत्र गरम करून त्यात बॅग सोडली की चहा पुळचट होतो, कारण दुधात अर्क फार सावकाश उतरतो. आधी 120 मिली खळखळते पाणी बॅगेवर ओतावे, उलटे नाही. कपावर बशी झाकून तीन ते चार मिनिटे थांबावे, मध्ये चार-पाच वेळा बॅग हलवावी, मग 30 ते 40 मिली गरम दूध आणि साखर. बॅग चमच्यावर दाबून पिळू नये, कडवट आणि गढूळ अर्क शेवटी तोच उतरतो. कार्यालयातल्या डिस्पेन्सरचे 'हॉट' पाणी बहुधा 85 ते 90 अंशांच्या आसपास असते. काळ्या चहाला ते कमी पडते, म्हणून 'ऑफिसच्या बॅगा भिकार' अशी ओरड होते. तिथे केटल ठेवावी किंवा मिनिटभर जास्त द्यावे. ग्रीन टीला उलट 75 ते 80 अंशच हवेत. कढत पाण्यात तो कडू जहर होतो आणि मग लोक मध ओततात. कटिंगएवढ्या कागदी कपात अख्खी बॅग बुडवून ठेवणे हाही अपव्ययच, ती मोठ्या कपासाठी मापलेली असते.

पाण्याचे तर कोणी बोलतच नाही. नवी मुंबईत मोरबे धरणाचे, ठाण्यात भातसा-उल्हास नदीचे पाणी तुलनेने हलके. पण उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरवेलवर असलेल्या सोसायट्यांत त्याच डब्याचा चहा काळपट होतो, वर चमकदार तवंग येतो आणि कपाला कडे पडते. चहात भेसळ नसते, पाण्यातला चुना चहाच्या अर्काशी जुळून ती साय धरते. कोऱ्या चहात लिंबाचे दोन थेंब टाकले तर ती जाते. आरओच्या पाण्यात रंग उजळ येतो, तुरटपणा मात्र वाढतो, तेव्हा अर्धा मिनिट आधी बॅग काढावी.

बॅगेचा कागद आणि शिवण यांबद्दल थोडे. टी बॅगांना लागणारी पिन अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2017 मध्ये आदेश काढून बंद करायला लावली. अजूनही पिनेचा माल दिसला तर उचलू नये. जाळीच्या पिरॅमिड बॅगा अनेकदा नायलॉन किंवा पीईटी या प्लास्टिकच्या असतात आणि गरम पाण्यात त्यांचे सूक्ष्म कण सुटतात, हे कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाने 2019 मध्ये दाखवले. कडा उष्णतेने चिकटवलेल्या कागदी बॅगेतही प्लास्टिकचा धागा असू शकतो. घडी घालून दोऱ्याची गाठ मारलेली दोन कप्प्यांची बॅग त्यातल्या त्यात बरी. तिच्यात पाणीही दोन्ही बाजूंनी फिरते.

शेवटचे साठवणीचे. चहा दमटपणा आणि वास दोन्ही ओढतो आणि खाडीकाठच्या आपल्या हवेत जून ते सप्टेंबर उघडा डबा लवकर मरतो. म्हणून एकट्याने 25 चा डबा घ्यावा, पावसाळ्यात तर प्रत्येक बॅग वेगळ्या फॉइलमध्ये असलेलाच. 'बेस्ट बिफोर'पेक्षा पॅकिंगची तारीख बघावी आणि फळीवर मागे हात घालून ताजा डबा काढावा. आमच्याकडच्या काही दुकानांत चहाशेजारी अगरबत्ती, कपड्यांचा साबण आणि डांबरगोळ्या मांडलेल्या दिसतात. पुठ्ठ्याचा डबा तो वास अडवत नाही. दुकानदारांनी चहाची फळी तिथून हलवावी आणि किमतीच्या पट्टीवर दर ग्रॅमचा सवलतीचा भावही छापावा, एवढी या पत्राद्वारे विनंती आहे.

– एक चहा विक्रेता, नौपाडा, ठाणे