काका, त्या बुजवलेल्या नळ्या पुन्हा जोडायला लावल्यात, त्याबद्दल

काका, नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. त्यामागे आणखी एक हेतू आहे. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) जीपा सांभाळणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत, आणि जवळपास प्रत्येकाला एकच सल्ला मिळतो: टाकीतली पेट्रोलची वाफ नेणाऱ्या त्या नळ्या काढून टाक, तोंडं बुजव, कटकट मिटेल. तुम्ही एकट्याने मला याच्या नेमकं उलट सांगितलंत. ते सगळ्यांनी वाचावं असं मनापासून वाटतं.

गाडी माझ्याकडे आली तेव्हाची अवस्था तुम्ही पाहिलीच होती. जीपचं सीजे-७ मॉडेल, ४.२ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन. टाकीवरच्या वाफेच्या होजांत, म्हणजे रबरी नळ्यांत, कुणीतरी बोल्ट घालून वरून क्लिपा आवळल्या होत्या. वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा, म्हणजे कॅनिस्टर, जागेवर नव्हता. जादा पेट्रोल टाकीला परत नेणारी रिटर्न लाइन कापून दुमडून टाकलेली. थंड असताना गाडी झकास चालायची. उन्हात लो रेशोमध्ये (जास्त ताकदीच्या, हळू चालीच्या गियरमध्ये) एखादा लांब चढ चढला की मात्र उचल जायची, मिसिंग सुरू व्हायचं आणि इंजिन बंद पडायचं. बॉनेट उघडून वाट पाहिली की पुन्हा सुरू. पंप नवा होता, कार्ब्युरेटर साफ होता, तरी हेच.

तुम्ही पाना हातात घेऊच दिला नाहीत. "आधी प्रत्येक नळीची दोन्ही टोकं शोध," म्हणालात. कुठून निघते, कुठे जाते, तिच्यातून पेट्रोल जातं, वाफ जाते की व्हॅक्यूम. हे चिठ्ठीवर लिहून दोन्ही टोकांना बांधायचं आणि मग कागदावर आकृती काढायची. तुमच्या मदतीतला सगळ्यात मोलाचा भाग माझ्या मते हाच. गाडीखाली झोपून एकेक नळी बोटांनी चाचपत गेलो तेव्हा समजलं, की पेट्रोलची एक नळी पुढे येते एवढ्यावर काम भागत नाही. टाकी, पंप, फिल्टर, कार्ब्युरेटर आणि कॅनिस्टर यांच्यात येणं आणि जाणं दोन्ही हवं.

मग टाकीच्या झाकणाची परीक्षा. गाडी अडखळायला लागल्यावर तुम्ही झाकण सैल करायला सांगितलंत आणि टाकीने सूंऽऽ करून हवा आत ओढली. तो आवाज मी विसरणार नाही. झाकण हवाबंद जातीचं आणि वाफेच्या नळ्या बोल्टने बुजवलेल्या. पेट्रोल संपेल तशी त्याच्या जागी हवा येणार कुठून? टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि पंपाला पेट्रोल खेचता येत नाही. उलट गाडी उन्हात उभी असली की टाकीत दाब वाढतो आणि तोच दाब पेट्रोल पुढे कार्ब्युरेटरकडे ढकलतो. मग गरम इंजिन ओव्हरफ्लो होऊन सुरू होत नाही आणि गाडीभर पेट्रोलचा वास. एकाच बुजवलेल्या नळीमुळे दोन उलट तऱ्हेची दुखणी होतात, हे तुम्ही दाखवलंत.

पंपाबद्दलही असंच. इंजिनावरचा यांत्रिक पंप टाकीपासून पेट्रोल खेचत आणतो. खेचणाऱ्या बाजूला दाब कमी असतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं. मुळात त्यातले हलके घटक ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच वाफ व्हायला लागतात. शिवाय त्या बाजूच्या होजला चीर गेली तर बाहेर थेंबही दिसत नाही, पंप नुसती हवा ओढत राहतो. गळती शोधणारा माणूस कोरडी नळी बघून पुढे जातो. म्हणून तुम्ही पंपाच्या आतल्या तोंडाला वेगळ्या कॅनमधून पेट्रोल दिलंत. गाडी चालली तर दोष पंपाच्या मागे, नाही चालली तर पंपात किंवा त्याच्या पुढे. इतकी साधी चाचणी, आणि तोवर कुणी केली नव्हती.

फिल्टरची गोष्ट जरा सविस्तर लिहितो, कारण ती सर्वात जास्त जणांच्या कामाची आहे. या इंजिनावर तीन तोंडांचा फिल्टर असतो: एकातून पेट्रोल आत, एकातून कार्ब्युरेटरला, आणि तिसऱ्या बारीक तोंडातून जादा पेट्रोल वाफेसकट टाकीला परत. माझ्या गाडीवर साधा दोन तोंडांचा फिल्टर बसवला होता. तुम्ही योग्य फिल्टर बसवलात आणि मग तो हाताने फिरवून रिटर्नचं तोंड अगदी वर, घड्याळाच्या बाराच्या जागी आणलंत. वाफ वर चढते, म्हणून तिला वरूनच वाट हवी. तोंड खाली राहिलं तर पेट्रोल परत जातं आणि वाफ कार्ब्युरेटरकडे निघते. क्लिप आवळताना फिल्टर किंचित फिरतो, तेव्हा आवळून झाल्यावर पुन्हा बघायचं, हेही तुम्हीच सांगितलंत. रिटर्न चालू असली की पेट्रोल सतत फिरत राहतं आणि गरम इंजिनाजवळ साचून तापत नाही. लो रेशोच्या हळू चालीत, जिथे पुढून वारा कमी आणि इंजिनाची धग जास्त, तिथेच याचा खरा उपयोग.

वाफेच्या नळीचा उतार मला सगळ्यात अवघड वाटला होता. टाकीच्या वरच्या कडेपासून निघालेल्या होजला मध्येच झोळ पडला, तर गाडी आडवीतिडवी होताना उसळलेलं पेट्रोल त्या झोळात साचतं आणि नळी बुजवल्यासारखीच होते. तुम्ही होज अर्धा वीत कापून आखूड केलीत, खालून आधाराची क्लिप दिलीत आणि सगळी नळी टाकीच्या दिशेने उतरती केलीत. साचलेलं सगळं आपोआप परत. गाडी उलटली तर पेट्रोल बाहेर येऊ नये म्हणून असलेला रोलओव्हर व्हॉल्व्ह तुम्ही हातात घेऊन उलटासुलटा करून, फुंकून तपासलात. डोंगरात जाणाऱ्या गाडीला तो हवाच, यावर तुम्ही जराही तडजोड केली नाहीत.

कॅनिस्टर लोकांना उगाच लटकवलेलं वाटतं. अमेरिकेत पेट्रोलची वाफ हवेत सोडायला बंदी घालणारे नियम कॅलिफोर्नियात १९७० च्या आणि देशभर १९७१ च्या मॉडेलांपासून लागू झाले, त्यातून हा डबा आला. पण तो गाडीच्याही भल्याचा आहे. टाकीतली वाफ, आणि इंजिन बंद केल्यावर कार्ब्युरेटरच्या तापलेल्या फ्लोट चेंबरमधून (पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतून) उठणारी वाफ, आतला सक्रिय कोळसा धरून ठेवतो. गाडी चालली की डब्यातून ताजी हवा ओढली जाते आणि ती वाफ इंजिनात जळते; यालाच पर्ज म्हणतात. हे ओढणं आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, व्हायला नको, नाहीतर आयडल बिघडतं. म्हणून त्याचा व्हॅक्यूम थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या) पाकळीच्या वरच्या भोकातून घ्यायचा; पाकळी मिटलेली असताना तिथे व्हॅक्यूम नसतो. तुम्ही मला डबा हातात धरून वजन बघायला लावलंत: जड लागला तर कोळसा पेट्रोलने भिजलाय, तो गेला. टाकी गळ्यापर्यंत भरत राहिलं की असं होतं.

होज आणि पाइपांबद्दल थोडक्यात. कार्ब्युरेटरच्या गाडीत पंपाचा दाब साधारण ४ ते ६ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), तेव्हा एसएई या संस्थेच्या मानकातली ३० आर ७ प्रतीची होज चालते. तरी तुम्ही ३० आर ९ घ्यायला लावलीत, कारण इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलपुढे तिचं आतलं अस्तर जास्त टिकतं. टाकीच्या आत बुडणाऱ्या तुकड्याला मात्र ३० आर १० च हवी. साध्या होजचं बाहेरचं रबर पेट्रोलात बुडून राहण्यासाठी नसतं. तांब्याची नळी वाकवायला सोपी, पण कंपनांनी कडक होऊन तडकते, म्हणून ती नको. स्टीलची नळी चेसिसच्या आतल्या बाजूने, सायलेन्सरच्या पाइपापासून लांब, आणि चेसिसच्या खालच्या कडेच्या वर, म्हणजे दगड लागला तरी आधी चेसिसला लागेल. आणि काम थंड इंजिनावर, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, उघड्यावर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचून राहते. हे तुम्ही दर वेळी बजावलंत आणि दर वेळी ते गरजेचं होतं.

काका, तुमच्या जुन्या सामानातून तुम्ही तो कॅनिस्टर काढून दिलात आणि पैशाचं नावही काढू दिलं नाहीत. दुपारच्या दुपार तुम्ही माझ्या गाडीखाली घालवलीत. घाईने जोडून देऊन मोकळे झाला असतात तरी मी ऋणी राहिलो असतो. तुम्ही थांबून प्रत्येक नळीचं कारण सांगितलंत, त्याचे आभार कसे मानावेत ते खरंच सुचत नाही. आता भर उन्हात लो रेशोत चढतो तेव्हा गाडी एकसारखी ओढते आणि केबिनमध्ये वास नसतो. घरच्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

आपल्या आकृतीची एक प्रत मी ओळखीच्या एका जीपवाल्याला दिली आहे. त्याच्याही टाकीवर बोल्ट ठोकलेले आहेत. कार्ब्युरेटर मात्र वेगळा आहे, त्यामुळे पर्जची नळी नेमक्या कुठल्या तोंडाला जोडायची ते मी सांगितलं नाही. या आठवड्यात त्याचा फोन येईल, तेवढं त्याला तुम्हीच सांगा.

तुमचा,
सीजेवाला