ओरडल्याबद्दल आभार

पेन्स बेच्या मासळी बाजारातल्या मावशींना,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. विचारायचं राहूनच गेलं. पहिली दहा मिनिटं तुम्ही माझ्यावर ओरडत होतात आणि पुढची दहा माझा हात धूत होतात, त्यात नावगाव कोण विचारणार? मराठी तुम्हाला वाचता येणार नाही, तरी मी मराठीतच लिहितोय. कारण शेवटी कळेल.

मी बोटीवरचा माणूस. क्रूझवर केबिन साफ करतो, गाव देवगड. बार्बाडोसला बोट सकाळी लागते, संध्याकाळी सुटते. प्रवाशांना अख्खा दिवस आणि आम्हाला दुपारचे चार तास. आमची बहुतेक पोरं बंदराजवळ फुकटचं वायफाय गाठून घरी फोन लावतात. पण तिथला दुपारचा एक म्हणजे आमच्याकडे रात्रीचे साडेदहा, आई कधीच झोपलेली. म्हणून मी त्या दिवशी ब्रिजटाऊनमध्ये चालत गेलो, एका गाडीवर 'ब्रेड अँड टू' खाल्लं (म्हणजे पावात खाऱ्या माशाची दोन भजी, आपल्या वडापावाचा मासेखाऊ चुलतभाऊ) आणि स्टँडवरून निळ्या सरकारी बसमध्ये बसलो. समुद्र दिसला की उतरायचं, एवढाच बेत. आता त्या किनाऱ्यावर समुद्र सतत दिसतोच, त्यामुळे तुमच्या बाजाराशी उतरलो तो निव्वळ मासळीच्या वासावर.

तुम्ही उडते मासे सोलत होतात. मी लांबून बघत राहिलो. आमच्याकडे बांगडा चिरतात, त्याचे काटे खाणाऱ्याने सांभाळायचे. तुम्ही मात्र सुरीचं टोक आत घालून एका हिसक्यात अख्खा काटा बाहेर काढत होतात आणि मासा पुस्तकासारखा उघडून रचत होतात. बोलत होतात शेजारणीशी, हात आपला चाललेला. नंतर किनाऱ्यावर गेलो आणि पाऊस आला. तिथला पाऊस म्हणजे पाच मिनिटांची सर, पण गणवेशाची पँट भिजली तर बोटीवर बोलणी खावी लागतात, म्हणून धावत झाडाखाली गेलो. गर्द, हिरवंगार झाड. खाली इवल्या सफरचंदासारखी फळं पडलेली, वास गोड. एक उचललं.

झाडाच्या बुंध्यावर लाल पट्टा होता. तो मला दिसला नाही असं नाही, मावशी. दिसला! पण आमच्या महाराष्ट्रात रस्त्याकडेच्या झाडांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारतात. त्यामुळे मला वाटलं, इथल्या बांधकाम खात्याचं झाड असेल. लाल पट्ट्याचा अर्थ 'लांब राहा' असा असतो, हे माझ्या डोक्यात येण्याचं काही कारणच नव्हतं.

तेवढ्यात तुमची आरोळी आली. शब्द कळले नाहीत, सूर मात्र अगदी ओळखीचा. मी लहानपणी विहिरीच्या कठड्यावर बसलो की आजी अशीच ओरडायची. तुम्ही हातात सुरी घेऊन भर पावसात धावत आलात, माझ्या हातातलं फळ फटक्याने उडवलंत आणि दंडाला धरून मला ओढत शेडमध्ये नेलंत. मग नळाखाली साबण लावून हात घासलात, आपल्या नातवाचा घासावा तसा. मध्ये मध्ये शिव्या. शिव्याच असाव्यात, कारण शेडमध्ये डॉमिनो (ठिपक्यांच्या सोंगट्यांचा खेळ) खेळत बसलेले एक म्हातारे बाबा हसत होते.

त्यांनीच मग समजावलं. झाडाचं नाव मॅंचिनील. पानापासून फळापर्यंत सगळ्याचा चीक विषारी. पावसात खाली उभं राहिलं तर पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यानेही अंगावर फोड येतात. लाकूड जाळलं तर धूर डोळ्यांना लागतो. स्पॅनिश लोक त्या फळाला 'मरणाचं छोटं सफरचंद' म्हणत. मग तोडत का नाहीत? तर मुळं वाळू धरून ठेवतात, वारा अडवतात. म्हणून पट्टा मारायचा आणि झाड राखायचं. मला पटलं. आमच्याकडे बिब्बा उततो, काजूच्या टरफलाचं तेल उततं, म्हणून कोणी काजू तोडतं का? रात्री मनगटावर दोन फोड आले. दोनच. फळाला दात लावला असता तर काय झालं असतं, हे बोटीवरच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर मी जेवलोच नाही.

ते बाबा मोठे वस्ताद निघाले. मी इंडियाचा म्हणताच त्यांनी सोंगटी टेबलावर आपटली आणि विचारलं, सूर्यकुमारचा पाय दोरीला लागला होता की नाही? 29 जून 2024, टी-20 विश्वचषकाची फायनल, केन्सिंग्टन ओव्हल, शेवटचं षटक, मिलरचा झेल. सात धावांनी जिंकलेला सामना त्यांच्या बेटावर झाला होता, त्यामुळे चौकशीचा हक्क त्यांचाच. नव्हता लागला, असं मी ठणकावून सांगितलं. त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

आणि मागच्या झाडाकडे बोट दाखवून मी 'नीरफणस!' म्हणालो, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा हसलात. तुम्ही ते ब्रेडफ्रूट अख्खं विस्तवावर भाजता, आम्ही तिखट-मीठ लावून काप तळतो. कॅप्टन ब्लाय नावाच्या माणसाने 1793 मध्ये ताहितीहून त्याची रोपं बोटीने कॅरिबियनमध्ये आणली, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात जेवू घालायला. हे मी नंतर वाचलं. तुमच्या हातचं खायचं राहिलं, वेळ संपत आली होती.

बोट चुकली असती तर नोकरी गेली असती. तुमच्याकडे बसथांब्याच्या पाटीवर 'टू सिटी' नाहीतर 'आउट ऑफ सिटी', एवढंच लिहिलेलं असतं आणि मी घाईत नेमका उलट्या बाजूला उभा. तुम्ही पुन्हा ओरडलात. निळ्या पट्ट्याची पिवळी मिनीबस हात दाखवून थांबवलीत. माझ्याकडे वीस अमेरिकन डॉलरची एकच नोट होती, भाडं साडेतीन बार्बाडोस डॉलर. तुम्ही ओल्या हातानेच चार नाणी दिलीत, सात कोनांची, त्यांच्यावरही उडता मासाच. मी तसाच आत चढलो, तर तुमची तिसरी आरोळी: आधी 'गुड आफ्टरनून' म्हण! म्हणालो. अख्ख्या बसने उत्तर दिलं.

तर, मराठीत लिहिण्याचं कारण. देवगड, वेंगुर्ला, रत्नागिरी, गोवा, आमची कितीतरी पोरं अशा बोटींवर आहेत. त्यांच्यापैकी कोणी हे वाचलं आणि ब्रिजटाऊनला उतरलं, तर त्याने पेन्स बेला जाऊन उडते मासे सोलणाऱ्या मावशींना चार डॉलर द्यावेत आणि देवगडच्या पोराचा हात बरा झाला म्हणून सांगावं. घेणार नाहीत त्या, तर मासे विकत घ्यावेत. आणि शिरताना आधी गुड आफ्टरनून.

कंडक्टरने परत दिलेली पंचवीस सेंटची दोन नाणी माझ्याकडेच आहेत. ती मी ठेवून घेतोय.

आपला,
लाल पट्टा न कळलेला