बायपोलर नाइफ इलेक्ट्रोडच्या सदोष बॅचबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मूत्राशयातली गाठ लूपनं (तारेच्या कडीनं) तुकड्या-तुकड्यांनी काढण्याऐवजी तळाच्या स्नायूसकट अखंड, म्हणजे एन ब्लॉक, काढता यावी म्हणून आमच्या युरोलॉजी विभागानं तुमच्याकडून १० बायपोलर नाइफ इलेक्ट्रोड (विजेवर कापणारी टोकं) घेतले. त्यातले ४ सदोष निघाले.

पेडल दाबल्यावर टोकाशी प्लाझ्मा (कापणारी विद्युत ठिणगी) पेटायला वेळ लागतो आणि पेटला तरी मध्येच विझतो. मूत्राशयात सोडलेलं सलाइन ०.९ टक्केच होतं, बायपोलरला न चालणारं ग्लायसीन नव्हे. केबल बदलून पाहिली. त्याच जनरेटरवर तुमचाच जुना लूप लावला की लगेच पेटतो. दोन इलेक्ट्रोडच्या टोकाजवळचं सिरॅमिकही तडकलं आहे. तुमचे प्रतिनिधी म्हणतात, नागपूरच्या उन्हानं माल खराब झाला असेल. सीलबंद पाकिटं आमच्याकडे एसी स्टोअरमध्ये होती. आणि ४५ डिग्रीला तडकणारं सिरॅमिक मूत्राशयात घालायचं तरी कसं?

लूपनं काम करताना हा दोष एक वेळ चालवून घेता येतो, कारण तुकडा पुन्हा घेता येतो. एन ब्लॉकमध्ये गाठीभोवती ५ ते १० मिलिमीटर सोडून गोल खूण करायची, तिथून डिट्रुसरपर्यंत, म्हणजे मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत, उतरायचं आणि त्याच थरातून गाठ उचलायची असते. करंट मध्येच गेला की थर हुकतो, हात नकळत जोर लावतो आणि भिंतीला भोक पडू शकतं. नाहीतर तळ इतका करपतो की पॅथॉलॉजिस्टला स्नायू ओळखू येत नाही. मग गाठ टी१ (स्नायूपर्यंत न पोचलेली) की टी२ (स्नायूत शिरलेली) याची खात्री राहत नाही आणि रुग्णाला २ ते ६ आठवड्यांत पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं.

माहितीपत्रकाबद्दलही बोलायला हवं. ‘बायपोलरमध्ये ऑब्ट्युरेटर नर्व्हचा झटका येत नाही’ हे चूक आहे. बाजूच्या भिंतीवर काम करताना मांडी आखडवणारा हा झटका बायपोलरमध्येही येतो आणि स्पायनल भुलीनं थांबत नाही. ऑब्ट्युरेटर ब्लॉक (ती नस बधिर करणं) किंवा स्नायू शिथिल करून जनरल भूल लागतेच. शिवाय ‘कोणत्याही आकाराची गाठ अखंड’ असं छापलं आहे. ज्या नळीतून गाठ काढायची ती २६ फ्रेंच शीथ बाहेरूनच जेमतेम साडेआठ मिलिमीटर! ३ सेंटिमीटरवरची गाठ सुटली तरी बाहेर कशी येणार?

बॅचमधले उरलेले ६ इलेक्ट्रोड आम्ही वापरातून काढले आहेत. सर्व १० बदलून द्यावेत, दोषाचा लेखी तांत्रिक अहवाल १५ दिवसांत पाठवावा आणि माहितीपत्रक दुरुस्त करावं. तडकलेले नमुने निर्जंतुक करून ठेवले आहेत, प्रतिनिधींनी पोच देऊन न्यावेत.

आपला,
ओटी व्यवस्थापक, युरोलॉजी विभाग
धंतोली, नागपूर

सोबत : बिल, बॅच क्रमांकाची पाकिटं, छायाचित्रं