पारिशात जाऊन जेव

चि. अनिकेत यास,
अनेक आशीर्वाद.

रोज रात्री खोलीत एकटाच नूडल्स खातोस, असं आई सांगत होती. ब्युनोस आयर्समध्ये राहून असं जेवू नकोस रे. तू राहतोस ती अल्माग्रो ही जुनी वस्ती आहे. घराजवळच कुठेतरी कोळशाची पारिशा, म्हणजे निखाऱ्यांवर मांस भाजून वाढणारी खाणावळ, नक्की सापडेल. सोयातेलाच्या कामासाठी मी तिकडे यायचो, तेव्हा माझी रात्रीची जेवणं अशाच ठिकाणी व्हायची. पर्यटकांची नको, आसपासची कुटुंबं जिथे जेवतात ती बघ.

नऊच्या आधी जाऊ नकोस, तोवर तिथे शुकशुकाट असतो. शेगडी दिसेल अशी जागा माग. कोळसा एका बाजूला पेटवतात. ज्वाळा बसून निखाऱ्यांवर पांढुरकी राख धरली, की पारिशेरो, म्हणजे शेगडी सांभाळणारा आचारी, ते फावड्याने जाळीखाली ओढतो. जाळीच्या पट्ट्या पन्हळीसारख्या आणि पुढे उतरत्या असतात. चरबी त्यांतून समोरच्या भांड्यात जाते, निखाऱ्यांवर गळून भडका उडत नाही. जाळीवर तळहात धरून तो आच जोखतो. बरगड्यांचे तुकडे हाडाची बाजू खाली करून ठेवतो आणि मग बराच वेळ त्यांना हातही लावत नाही. वर फक्त जाडं मीठ. वाटण नाही, मुरवणं नाही, सगळी भिस्त आचेवर. त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटायचा.

गाईचं मांस खायचं की नाही, हे तुझं तू ठरव. मी खाल्लं नाही, पण उपाशीही राहिलो नाही. चोरिसो या सॉसेजमध्ये डुकराच्या मांसाबरोबर बहुतेकदा गाईचंही असतं आणि मोर्सिया हे सॉसेज रक्ताचं करतात, म्हणून मागवण्याआधी विचार. तुला आवडेल ती प्रोवोलेता: चीजची जाड चकती जाळीवर भाजतात, वर ओरेगानो आणि भरड मिरची. कडा खरपूस, आत लुसलुशीत. ती गरम असतानाच पावाबरोबर संपव, गार झाली की चिवट होते. नंतर भाजलेली कोंबडी, डुकराचं मातांब्रे (मांसाचा पातळ, चपटा तुकडा) किंवा अंडं घालून भाजलेली ढोबळी मिरची घे. चिमिचुरी ही मांसाबरोबरची हिरवी चटणी जपून घे, त्यातला लसूण आणि व्हिनेगर चांगलेच झणझणतात. शेवटी दुल्से दे लेचे (दूध-साखर आटवून केलेलं गोड) घातलेलं फ्लान, म्हणजे कॅरॅमल कस्टर्ड.

बिलात ‘कुबिएर्तो’ दिसेल, ते पावाचे आणि टेबलाचे पैसे. वेटरची बक्षिशी वेगळी, दहा टक्क्यांच्या आसपास. मागितल्याशिवाय बिल सहसा येत नाही. जेवण झाल्यावरही लोक तासभर गप्पा मारत बसतात, तूही बस. तुझं स्पॅनिश मोडकं असलं तरी शेजारच्या टेबलाशी बोल, माणसं मोकळी आहेत. दोन-तीनदा त्याच ठिकाणी गेलास की वेटर तुला ओळखू लागेल. परक्या गावात कोणीतरी ओळखतं, हे मला तिथे फार मोलाचं वाटलं होतं.

ऑफिसातल्या कोणाला तरी बरोबर घेऊन शनिवारी जा. पैशांची ओढाताण असेल तर मोकळेपणाने सांग, मी पाठवतो. आणि काय काय खाल्लंस ते आईला सविस्तर कळव, ती रोज विचारते.

तुझा,
बाबा