वनवासी नको, आदिवासीच लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात आमच्या शहादा भागातली बातमी होती, त्यात चार ठिकाणी 'वनवासी बांधव' छापलंय. मी बत्तीस वर्षं इकडे मास्तरकी केली, म्हणून राहवलं नाही. अहो, मराठीत वनवास म्हणजे काय? घरदार सुटणं, हाल भोगणं. आपण म्हणतो ना, पोरीच्या नशिबी वनवास आला. मग सातपुड्यात ज्यांचं पिढ्यानपिढ्या घर आहे ते वनवासी कसे? आणि तापीकाठच्या गावागावात भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती, आहे, तिथली माणसं तर जंगलात राहतच नाहीत, केळी-कापसाच्या शेतात राबतात, ऊसतोडीला जातात.

हेच आदिवासी नेते जयपालसिंग मुंडांनी 1948 मध्ये संविधान सभेत सांगितलं होतं. 1928 च्या ऑलिम्पिकला हॉकीचे कॅप्टन होते तेच ते. संविधानाच्या मसुद्याच्या भाषांतरात 'बनजाती' शब्द येत होता, ते म्हणाले आमचे बहुतेक लोक जंगलात राहत नाहीत, आदिवासीच म्हणा. शेवटी 342 व्या कलमात अनुसूचित जमाती आलं. ते दाखल्यापुरतं ठीक, पण माणसं स्वतःला आदिवासी म्हणवतात आणि 9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, नंदुरबार-धडगावला त्याच नावाने मिरवणुका निघतात.

दुसरं याहून वाईट. आपल्यातलेच शिकलेले लोक हा शब्द शिवीसारखा वापरतात. एकदा एक पालक वर्गाच्या दारात आपल्या पोराला म्हणाले, "काय आदिवासीसारखा अवतार करून आलास!" पहिल्याच बाकावर पावरा जमातीची मुलगी बसली होती, चापून तेल लावलेलं, लाल रिबिनीच्या दोन वेण्या, गणिताची वही अगदी स्वच्छ. तिने मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाही. मी त्या पालकांना तिथल्या तिथे बोललो नाही, त्याचं वाईट अजून वाटतं. 'भिलडा' हा शब्द तर अजूनही बाजारात सर्रास कानावर पडतो, आणि 1857 च्या उठावात इंग्रजांशी लढलेले खाज्या नाईक याच भिल्लांचे.

म्हणून विनंती एवढीच की आदिवासी लिहा, आणि जमात माहीत असेल तर सरळ नावच लिहा, भिल्ल, पावरा, कोकणा, मावची, तडवी. वार्ताहराने समोरच्याला एकदा विचारलं की झालं, कोणीही आनंदाने सांगतं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. शहादा