नववीत पोरं का गळतात?

पुणे

प्रिय विजू,
स. न.

पत्र मिळालं. तुमची तालीम फुटबॉलचा संघ चालवते, तिच्यातल्या बारा ते चौदा वर्षांच्या पोरांची फुटबॉलची तुकडी उभी करतोयस, हे झकास झालं. नववीत गेलं की चांगली पोरं घरी बसतात आणि पालक ऐकत नाहीत, असं तू लिहिलंयस. मला विचारशील तर दोष पालकांचा कमी आणि आपल्या वेळापत्रकाचा जास्त. आपण सराव आधी ठरवतो आणि अभ्यासाला उरलेल्या वेळात कोंबतो. तू शाळेचं वर्ष समोर ठेव आणि त्यावर सराव बसव.

सगळ्यात आधी पहाटेचा सराव बंद कर. कोल्हापुरात हे ऐकून लोक हसतील, तरी कर. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. क्लास, गृहपाठ आणि जेवण उरकून पोरगं अकराला झोपणार आणि साडेपाचला मैदानावर येणार, म्हणजे झोप जेमतेम सहा तास. दुसऱ्या तासिकेला ते बाकावर डुलतं, मास्तर घरी चिठ्ठी पाठवतात आणि बाप म्हणतो, बंद कर तो फुटबॉल. शिवाय अपुऱ्या झोपेत दुखापतीही वाढतात.

संध्याकाळचे तीन दिवस घे, शनिवारी किंवा रविवारी एक सामना ठेव आणि निदान एक दिवस पूर्ण मोकळा सोड. शाळा, तालीम, खाजगी प्रशिक्षण सगळं धरून आठवड्याचे तास पोराच्या वयापेक्षा जास्त होऊ देऊ नकोस; तेराच्या पोराला तेरा तास ही वरची हद्द. तुझा सराव पाच-सहा तासांतच बसेल. बाकीचे कुठे जातात ते विचारत जा, कारण एकच पोरगं शाळेच्या संघात, तालमीत आणि गल्लीतल्या पाच-पाच जणांच्या फुटबॉलमध्ये खेळत असतं आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो.

अभ्यास सरावाच्या आधी घे, नंतर नको. दमलेलं पोरगं वही उघडून झोपतं. तालमीच्या हॉलमध्ये सव्वापाच ते पावणेसहा सतरंजी टाक, मोबाइल पिशवीत, आणि गणिताला अकरावी-बारावीतला एखादा खेळाडू बसव. मग सहा ते सव्वासात मैदान. येताना पोटात केळं, शेंगदाण्याची चिक्की किंवा गूळ-चपाती हवी. दुपारच्या डब्यावर सहा वाजता कुणी पळत नाही. घरी गेल्यावर तासाभरात भाकरी, आमटी आणि अंडं किंवा दही.

पंचाहत्तर मिनिटांत पहिली वीस सर्वांगाच्या तयारीची. फिफाचा ‘११+’ कार्यक्रम बरोबर तेवढाच आहे, पंधरा व्यायामांचा. चौदाच्या आतल्यांसाठी त्याचा लहान मुलांचा प्रकार घे. मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावणं हे त्याऐवजी चालत नाही. मग सोळा पोरं असतील तर तीस बाय वीस मीटरच्या दोन चौकटी आखून चार विरुद्ध चार, चार मिनिटांचे सहा डाव, मध्ये दीड मिनिट थांबा. अकरा-अकराच्या डावात लाजरं पोरगं पाच मिनिटं चेंडूला पाय लावत नाही. तेराच्या आतल्यांना चार नंबरचा चेंडू दे, म्हणजे घेर ६३.५ ते ६६ सेंटीमीटर आणि वजन ३५० ते ३९० ग्रॅम.

आता जिथे खरं नुकसान होतं ते. मुलांची उंची साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात वेगाने वाढते, कुणाची बाराव्या, कुणाची पंधराव्या वर्षी. दर तीन महिन्यांनी भिंतीला टाच टेकवून, एकाच वेळेला उंची मोज. तीन महिन्यांत दोन सेंटीमीटरहून जास्त वाढ दिसली की उड्या आणि पूर्ण वेगाच्या धावा कमी कर, चेंडूवरचं काम तेवढंच ठेव. या काळात काल सहज अडवलेला चेंडू आज पायातून निसटतो. पाय लांब झालेत, अंदाज अजून जुनाच आहे. त्यावर ओरडलास तर पोरगं गेलंच.

गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा असतो. तिथे अंगठ्याने हलकं दाब; पोराने पाय झटकन ओढला तर समज, स्नायू वाढत्या हाडाला ओढतोय. टाचेचंही तेच, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं की दुखतं. लंगडत असेल तर सराव थांबव, लंगडत नसेल तर भार निम्म्यावर आण आणि सरावानंतर बर्फ लाव. दुखणं रेंगाळलं तर हाडांच्या डॉक्टरांकडे, पण ‘सामना आहे, एक इंजेक्शन मारा’ हा हट्ट नको. फेब्रुवारीनंतर मैदानं दगडासारखी होतात, तिथे लांब स्टडचे बूट टाचेला मारतात. आखूड रबरी खुंट्यांचे बूट बरे. आणि वर्षभर चालावेत म्हणून दोन नंबर मोठे घेऊ देऊ नकोस, फोड येतात.

जानेवारीत आणि डिसेंबरमध्ये जन्मलेली पोरं एकाच वयोगटात येतात, पण त्यांच्यात जवळपास वर्षाचं अंतर असतं. निवडीत धिप्पाड जानेवारीवाला निवडला जातो आणि डिसेंबरवाला कायमचा घरी बसतो. त्याला दोन वर्षं धरून ठेव. आणि वय कमी दाखवायच्या भानगडीत कुणाला पडू देऊ नकोस. सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी फिफा वय तपासायला मनगटाचं एमआरआय करते.

दहावीचं वर्ष. शाळांच्या स्पर्धा पावसाळ्यात, केएसएचा (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा) हंगाम दिवाळीनंतर आणि बोर्ड फेब्रुवारी-मार्चमध्ये. दहावीच्या पोराला पावसाळा पूर्ण खेळू दे, पण दिवाळीनंतर मोठ्यांच्या संघात राखीव म्हणूनही बसवू नकोस, तालमीतले कितीही मागे लागले तरी. डिसेंबरपासून आठवड्यात दोनदा एक तास आणि परीक्षेच्या महिन्यात दोनदा चाळीस मिनिटं, हलकं पळणं आणि चेंडू. पूर्ण बंद करू नकोस. दोन महिने बसलेलं पोरगं एप्रिलच्या पहिल्या सामन्यात मांडीचा मागचा स्नायू धरून खाली बसतं. परत आल्यावर पहिले दोन आठवडे निम्माच वेळ.

गुण कमी पडले म्हणून संघाबाहेर काढायची शिक्षा मला पटत नाही. पोरं मग गुणपत्रिका लपवतात. त्याऐवजी त्या आठवड्यात अर्धा सराव, अर्धा वेळ हॉलमध्ये वही. हजेरीही मैदानावर आणि हॉलमध्ये दोन्हीकडे घे.

पालकांना पटवायचं तर अनिकेत जाधवचं नाव सांग, पण पूर्ण सांग. कोल्हापूरचा पोरगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहून घडला आणि २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला. त्या संघात देशभरातून एकवीस पोरं होती. बाकीच्यांचं काय, हे बाप विचारणारच, आणि तिथे दहावीचे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण उपयोगी पडतं. मात्र त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात. गल्लीच्या चषकाचं चालत नाही, हे लोकांना अर्ज भरताना कळतं. प्रत्येकाची एक फाइल आत्ताच कर. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार यांवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. एका वेलांटीसाठी पडताळणी अडकते.

उंचीचा तक्ता आणि घटक चाचण्यांच्या तारखा पाठव, महिन्याचं वेळापत्रक मी बसवून देतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
शिरीष