पश्या, दादाचं क्रिएटिनिन कमी झालंय

सोलापूर

पश्या,

लई दिवस पत्र नाही, शिव्या फोनवर घाल. मी बरा, बीपीची गोळी चालू, आईचे गुडघे तसेच.

दादाचं सांगायचंय. डायलिसिसच्या आधी रक्त काढतात त्यात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायची रक्तातली घाण, कायम दहाच्या वर असायचं, या खेपेला साडेसात आलं. वहिनी लगेच सिद्धेश्वराला नारळ फोडून आली. डॉक्टर मात्र रिपोर्ट बघून गप्प, मग मला बाहेर घेऊन म्हणाले, डायलिसिस तेवढंच, लघवी वाढलेली नाही, मग उतरलं कशानं? क्रिएटिनिन बनतं स्नायूंतून, स्नायू झिजले की आकडा आपोआप खाली येतो, आणि डायलिसिसवर असं घसरत गेलेल्यांमध्ये मरणाचं प्रमाण जास्त दिसतं. मी म्हटलं अहो वजन तर बासष्टच आहे की. तर म्हणे मांस गेलं अन् पाणी साठलं, काट्याला दोन्ही सारखंच, ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं खरं वजन, नव्यानं ठरवावं लागेल.

मग त्याच्या हातात मूठ दाबायचं मशीन दिलं. 19 किलो. आपल्या आशियाई पुरुषांत 28 च्या खाली गेलं की ताकद कमी धरतात. दादाची मूठ रे! गड्ड्याच्या जत्रेत बाराबंदी घालून नंदीध्वजाची जड काठी पेलायचा, आपण गर्दीतनं मागं मागं पळायचो. आणि तू त्याला पंजात हरवलं म्हणून अजून सांगत फिरतोस ना, कोपर उचललं होतंस, मी बघितलंय.

खरा घोळ जेवणाचा आहे. डायलिसिस लागायच्या आधी डाळ-अंडी कमी करा म्हणून कागद दिलेला, आई अजून त्यावरच चालते. आता उलटं आहे, किलोमागं 1 ते 1.2 ग्रॅम प्रोटीन पाहिजे, म्हणजे त्याला रोज साठ-सत्तर ग्रॅम, आणि तो अर्धी भाकरी खाऊन उठतो. शेंगाचटणी मागतो, पण त्यात फॉस्फरस-पोटॅशियम आलं. अंड्याचं पांढरं चालतं, चिकन मोजून चालतं, डॉक्टरांनी स्वतः सांगितलंय. मी बोललो की आई म्हणते तू कधीपासून डॉक्टर झालास.

चिनूची दहावी कशी गेली? फ्लॅटची किल्ली मिळाली का?

आई तुझं ऐकते, तेवढा तिला रविवारी फोन कर, अंड्याचं सांग, माझं नाव काढू नको. आणि जमलं तर हुतात्मा एक्सप्रेसनं ये, दादा तुझ्यासमोर दोन घास जास्त खातो.

तुझा,
बाळ्या